शत्रूच्या पाळकास अन्न

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १२:२०

हे वचन आम्ही उपदेशपीठावरून पुष्कळदा सांगितले आहे. बेल्जममधील शेतकऱ्यांनी ते कसे आचरिले ते पाहू.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने त्यांचा देश चार वर्षे व्यापिला होता. युद्ध संपताच पूर्व युरोपातून लक्षावधी जर्मन लोक हाकलले गेले. त्यांचे रोमन काथलिक पाद्रीही निर्वासितच. पाठीवर झोळी घेऊन ते पांगलेल्या कळपामागे गावोगाव फिरत. रोमी मंडळीशी आमचा मतभेद आहे, तो आम्ही झाकीत नाही; पण उपाशी पाळकाने मृतास मूठमाती द्यावयास दहा कोस कसे चालावे, हे आमच्या शिक्षकबंधूंस सांगावयास नको.

१९४७ च्या नाताळात टोंगरलो मठातील डच पाद्री वेरेनफ्रीड व्हान स्ट्रातेन यांनी मठाच्या मासिकात या लोकांसाठी साह्य मागितले. पुढे शेतकऱ्यांच्या बायांपाशी त्यांनी घरात होते तेच मागितले : डुकराचे खारवलेले मांस. त्यावरून लोक त्यांस ‘मांसाचा पाद्री’ म्हणू लागले!

विंक्ट गावी १९४० साली जर्मन शिपायांनी ऐंशींहून अधिक निरपराध माणसे मारिली होती. तेथेही त्यांनी जर्मनांसाठीच हात पसरला, आणि तेथूनही ते रिकाम्या हातांनी परतले नाहीत.