पहिले पात्र कोणते घ्यावे?

प्रश्न : आम्ही मित्रांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची २०१४ची पाचवी आवृत्ती खेळायला घेतली आहे. मी मांत्रिक व्हावे काय? — एक वाचक, रिसोड

उत्तर : मोह स्वाभाविक आहे, तथापि ज्याच्या खाती आरंभी जेमतेम ६ प्राणांक जमा असतात आणि ज्याचे भारी मंत्र दोनदा योजताच विश्रांतीवाचून तरणोपाय उरत नाही, असे पात्र नवख्याच्या हाती भुरट्या चोराच्या काठीनेही आडवे होत असल्याने, पहिल्या स्वारीस १० प्राणांकांचा शिलेदारच घ्यावा, अशी माझी शिफारस आहे. १५, १४, १३, १२, १०, ८ या ठरीव अंकांपैकी १५ बळाला नि १४ काटकपणाला द्यावेत, म्हणजे प्राणांक १२ होतात. बुद्धीला ८ आले तरी हरकत नाही. मठ्ठ शिलेदार खेळवण्याची मौज काही औरच!

पूर्ववृत्त मात्र परमुलखातून उसने आणू नका. वाकाटकांचे वत्सगुल्म म्हणजे तुमचेच वाशिम. राजा सर्वसेनाच्या पदरचा, वेतन थकल्याने चाकरी सोडलेला एखादा पहारेकरी कल्पून पाहा. दुसऱ्या पातळीस ३०० अनुभवांक लागतात. तेथवर तगलात, तर पुढच्या खेळात मांत्रिक खुशाल घ्या.