आखडलेले पाय आणि घरचा व्यायाम

महोत्सवाच्या या स्मरणिकेत न्यासाच्या कार्याचा वृत्तांत अन्यत्र आलाच आहे. येथे आपण अशा एका विषयाचा विचार करू, की जो आपल्या बोथ परिसरातील एखाद्या घरात रोज सकाळी उभा राहतो, परंतु ज्याविषयी चारचौघांत क्वचितच बोलले जाते. मूल दोन वर्षांचे होते, तरी पाऊल टाकीत नाही. उभे केले तर टाचा उचलून चवड्यांवर उभे राहते. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. शेजारी म्हणतात, पोलिओ असेल. कोणी म्हणते, वारे गेले. आई मात्र मनात म्हणते, माझेच काही चुकले.

दोष पायात नाही

आपला देश २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त घोषित झाला. आज मुलाचे पाय असे ताठ दिसले, तर मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, असण्याचा संभव पुष्कळ असतो. पोलिओत मज्जारज्जूतील पेशींना इजा होऊन पाय लुळा पडतो. या विकारात मात्र मूळ इजा मेंदूला झालेली असते. तेथून स्नायूंना मिळणारा हुकूमच बिघडतो आणि पुष्कळ मुलांत ते ताठ होतात. लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ साली या विकाराचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या व अवघड बाळंतपणाशी जोडून दाखविला. त्यांचे स्वतःचे पाऊल बालपणीच्या पोलिओने वाकडे झाले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. जन्मतेवेळी प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर हीही याची कारणे होत. आईच्या पापपुण्याचा अथवा ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही. तरीही २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात कलबुर्गी भागात अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरण्यात आले. आई-बापांची माया खोटी नव्हती. त्यांना योग्य वाट कोणी दाखविली नव्हती.

मेंदूतील ही इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढते, हाडे लांबतात, आणि ताठ स्नायू त्यांच्या बरोबरीने लांबत नाहीत. मग टाच टेकेनाशी होते, गुडघा सरळ होत नाही, खुब्याचा सांधाही हळूहळू निखळू शकतो. म्हणून ‘मोठा झाला की सुधारेल’ असे म्हणून स्वस्थ बसणे हाच खरा धोका होय.

पाय कसा शिकतो?

पूर्वी उपचार म्हणजे मुलाने निजून राहावयाचे आणि दुसऱ्याने त्याचे पाय ओढावयाचे, चोळावयाचे, अशी समजूत होती. आजचे शास्त्र सांगते, की मूल स्वतः जे करते तेच त्याचा मेंदू शिकतो. काठावर बसून कोणी पोहणे शिकत नाही. नुसते चार-पाच मिनिटे हाताने ताणल्याने आखडलेला स्नायू लांबत नाही. त्यासाठी टाच टेकवून पुष्कळ वेळ उभे राहणे किंवा पावलाला नीट बसणारी पट्टी वापरणे अधिक उपयोगी पडते. तेलाचे मर्दन मायेने जरूर करावे, पण त्यालाच उपचार समजू नये.

तज्ज्ञाने मूल तपासून दिल्यावर घरी करावयाचे काही पाठ असे :

१. कडेवर घेणे. मुलाला दोन्ही पाय फाकवून कमरेवर घ्यावे. आपल्या बायकांची ही जुनीच रीत कात्रीसारख्या पायांना हितकारक आहे.

२. बसून उठणे. दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकतील इतक्या उंचीच्या स्टुलावर बसवावे. समोर, जरा उंचावर, आवडीची वस्तू धरावी. हात ओढून उठवू नये. गुडघ्यांपाशी आधार द्यावा व त्याने स्वतः उठावे. प्रथम पाच वेळा, मग दहा वेळा.

३. बाजेशी उभे राहणे. बाजेवर तुरीच्या शेंगा पसराव्या आणि मुलाने उभ्याने त्या सोलाव्या. ढीग हळूहळू बाजूला सरकवावा, म्हणजे ते आडवे पाऊल टाकील.

४. पांगुळगाडा. आपल्या सुताराने केलेला तीन चाकांचा लाकडी गाडा उत्तम. तो पुढे पळू नये म्हणून वर धान्याची पिशवी ठेवावी. बाजारात मिळणाऱ्या, मूल आत लोंबकळत ठेवणाऱ्या चाकांच्या बैठकीत ते चवड्यांनी ढकलावयास शिकते, ती टाळावी.

पाय दुखेल असा जोर कधीही करू नये. मूल रडू लागले की व्यायाम थांबतो आणि झगडा सुरू होतो. दिवसातून एकदाच तासभर करण्यापेक्षा स्नानाच्या, जेवणाच्या, खेळाच्या वेळी थोडे थोडे करणे सोयीचे जाते. आजोबांनी शेंगा पसराव्या, भावाने गाडा वळवावा. सारा भार एकट्या आईवर टाकू नये.

अपेक्षा किती धरावी?

दोन वर्षांच्या सुमारास आधाराविना बसू लागणारी बहुतेक मुले पुढे चालू लागतात. कॅनडातील मॅक्मास्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९९७ साली या मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीचे मूल जिना चढते. पाचव्या पायरीच्या मुलास मान सावरणेही कठीण जाते. त्याच्यासाठी नीट बसता येणे, न दुखता कूस पालटता येणे, चाकाच्या खुर्चीतून शाळेत जाता येणे, हेही यशच होय. चालणे हे साधन आहे. माणसांत मिसळणे हे साध्य आहे.

हे मुंबईत दोन मातांनी दाखवून दिले. फातिमा इस्माईल यांनी कन्येला झालेल्या पोलिओतून धडा घेऊन १९४७ साली अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या कन्येकरिता शाळा मिळेना, म्हणून १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली. त्या कन्येने, मालिनी चिब यांनी, पुढे उच्च शिक्षण घेऊन आत्मचरित्र लिहिले.

बोथहून मुंबई दूर आहे. पण आदिलाबादचे रिम्स रुग्णालय दूर नाही. तेथे मुलाला दाखवावे व वेळोवेळी खुब्याची क्ष-किरण तपासणी करण्याविषयी विचारावे. मंडलातील ‘भविता’ केंद्राचीही चौकशी करावी. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा या मुलांनाही लागू आहे, म्हणून प्रमाणपत्र अवश्य काढावे.

न्यासाच्या सभासदांना आमची विनंती एवढीच : आपल्या गल्लीत असे मूल असेल, तर त्या घरी जावे. ‘नशीब’ म्हणून हळहळण्याऐवजी आदिलाबादच्या एका फेरीचे भाडे द्यावे, सुताराकडून एक पांगुळगाडा करवून द्यावा. त्या अंगणात गाड्याची चाके वाजू लागली, की महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.