अचलपूरला कामासाठी जाताना

अचलपूरला कामानिमित्त जाणारं कुणी भेटलं, की मी सगळ्यात आधी दुपारबद्दल बोलते. बारा ते चार या वेळात हे शहर पाहून त्याच्याविषयी मत बनवू नका. जुन्या शहरातल्या गल्ल्या तेव्हा निवांत असतात, रस्त्यावर तुरळक माणूस. पुण्या-मुंबईहून आलेल्याला वाटतं, इथे कुणालाच घाई नाही, म्हणजे आपलं काम झटपट उरकेल. आमच्या गटाचाही तोच समज झाला आणि पहिला आठवडा जवळपास वाया गेला.

आम्ही पुण्याहून गेलेले पाच जण. तालुक्यातल्या कापूस आणि संत्रा उत्पादकांच्या मुलाखती घेऊन फॉर्म भरायचे, एवढंच काम. वेळापत्रक ऑफिसातच ठरलं होतं: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, प्रत्येकाने रोज अमुक इतके फॉर्म. डिसेंबर निवडला तो उन्हाच्या भीतीने. ती भीती खरी आहे. एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हा फिरतीचं काम काढूच नये. पण डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी, हे वेळापत्रक करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. दहाला आम्ही गावात पोचायचो तेव्हा घरोघरी कड्या लावलेल्या. बाया पहाटे उठून, स्वयंपाक उरकून, भाकरी बांधून कधीच वावरात गेलेल्या. ओट्यावर म्हातारी माणसं आणि लहान पोरं तेवढी. पाचला आम्ही लॉजकडे निघायचो आणि वाटेत त्याच बाया परतताना दिसायच्या.

वेचणीची मजुरी किलोवर असते. शहरातून जाणाऱ्याने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दिवसा वावरात जाऊन एखाद्या बाईला तासभर बोलत उभं केलं, तर तितका कापूस तिच्या ओटीत कमी पडतो आणि तितके पैसे संध्याकाळी कमी मिळतात. एका मावशींनी मला सरळ सांगितलं, "बोल बाई तू, पन माहा हात काई थांबत नाई." मग मीही ओळीतून त्यांच्या मागे चालत प्रश्न विचारले. ती मुलाखत आमच्या सगळ्या फॉर्ममध्ये उत्तम झाली.

अचलपूरच्या शांतपणाला इतिहासही आहे आणि जाण्यापूर्वी तो थोडा वाचावा. १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली, तिची राजधानी हे शहर, तेव्हाचं एलिचपूर. पुढे इंग्रजी अमलात एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अमरावतीत विलीन झाला. मूर्तिजापूरहून येणारी नॅरोगेज शकुंतला ७६ किलोमीटरला चारेक तास घ्यायची, पण गरिबाला परवडायची. गेल्या दशकात तीही थांबली. फिनले मिलचा भोंगा २०२० च्या टाळेबंदीत बंद झाला. जिल्हा गेला, गाडी गेली, मिल थांबली. अशा गावात जाऊन "काय शांत आहे हो तुमचं गाव!" असं कौतुकाने म्हणणं ऐकणाऱ्याला टोचतं. आमच्यातल्या एकाने चहाच्या कॅन्टीनवर तसं म्हटलं, तेव्हा शेजारी बसलेले एक गृहस्थ काही न बोलता उठून गेले. ते मिलमधले जुने कामगार होते, असं मागाहून कळलं.

आता खरा धोका सांगते. फॉर्म भरले जाईनात, तसे पुण्याहून फोन वाढले. रोज रात्री आकडे कळवायचे, रोज ते कमी. पाच माणसं, लॉजच्या दोन खोल्या, दुपारचे रिकामे तास आणि एकमेकांच्या कामावर डोळा. कुणी कुणाच्या गावात किती वेळ घालवला, यावरून बोलाचाली सुरू झाल्या. अशातच एका रात्री आमच्यातला एक जण म्हणाला, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारून अंदाजे भरून टाकू, पिकं तीच, भाव तेच, कोण तपासणार आहे? दुसऱ्याने मान डोलावली. मोठा वाद झाला. शेवटी आमच्या गटप्रमुख ताईंनी फॉर्मचा गठ्ठा स्वतःच्या बॅगेत ठेवून दिला आणि सांगितलं, ज्या घरात आपण बसलो नाही त्या घराचा फॉर्म कुणीही भरणार नाही.

मला आजही वाटतं, सगळ्या दौऱ्यात महत्त्वाचा निर्णय तोच होता. अशा आकड्यांवरून कुठेतरी विम्याचे, कर्जाचे, मदतीचे निर्णय होतात. कोरडवाहू कापसात एकरी काय हाती लागलं, हे त्या बाईशिवाय कोण सांगणार? म्हातारे सासरे मागल्या चांगल्या वर्षाचा आकडा सांगतात. घरखर्च भागवणारी सून यंदाचा सांगते. दोन्हीत फार अंतर असतं. बाहेरगावी, घरापासून लांब, वरून दडपण असताना माणूस अशा वाटेला लागतो. म्हणून गट निघण्यापूर्वीच हे स्पष्ट बोलून घ्या: फॉर्म कमी आले तरी चालतील, खोटे चालणार नाहीत. आणि हे वरिष्ठांनी बोलावं, लेखी द्यावं.

वेळेची अडचण सोडवली ती एका पानठेल्यावाल्या भाऊंनी. "मॅडम, दिवसा कायले येता जी? दिवसा गावात कोनी रायते काय? संध्याकायी या ना." आम्ही सगळं वेळापत्रक मोडलं. कापूसवाल्यांकडे संध्याकाळी सात ते साडेनऊ. दुपारी संत्र्याच्या बागा, कारण आंबिया बहारासाठी या दिवसांत झाडांना ताण देतात, पाणी तोडतात. ओलिताची धावपळ नसल्याने बागवाला भेटतो आणि मन मोकळं करून बोलतो. ज्यांचा हरभरा-गहू आहे त्यांना मात्र आधी विचारायचं, या आठवड्यात पंपाची वीज दिवसाची की रात्रीची. रात्रीची असेल तर तो माणूस अंधारात वावरात पाणी देत असतो, घरी सापडणार नाही. बायांशी बोलायला बाईच हवी. गटात दोन तरी मुली असू द्या, आणि रात्रीच्या परतीसाठी ओळखीचा गाडीवाला आधीच ठरवा. रात्री साडेनऊला खेड्यातून परत यायला ऑटो मिळत नाही.

चहाला नाही म्हणू नका. आमच्यातला एक जण घाईत कप बाजूला सारून फॉर्म उघडायचा. एका काकांनी त्याच्या हातातला कागद हळूच खाली ठेवला: "बसा ना जी. चहा त होऊ द्या. फारम कुठी पयून चाल्लं?" चहाच्या त्या दहा मिनिटांत तुमचं गाव, घर, आईवडील, लग्न सगळं विचारलं जाईल. उत्तरं द्या. तुम्ही त्यांच्या कर्जाबद्दल विचारणार आहात, त्यांना तुमच्याबद्दल एवढं कळायलाच हवं.

पत्त्याचा घोटाळा बाहेरच्या प्रत्येकाचा होतो. अचलपूर शहर आणि परतवाडा ही लागून असलेली जोडगावं. परतवाडा म्हणजे जुनी छावणी, म्हणून तिला कॅम्पही म्हणतात. कुणी नुसतं 'अचलपूर' म्हटलं तर शहर की कॅम्प, हे विचारून घ्या. लॉज, हॉटेलं, बसस्थानकाची वर्दळ बहुतेक परतवाड्याला. रेल्वेने येणाऱ्यांनी मुंबई-हावडा मार्गावरच्या बडनेऱ्याला किंवा अमरावतीला उतरावं. अमरावतीहून परतवाडा रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. अजून कुठे जुन्या माहितीत अचलपूर स्टेशन दिसलं तर त्यावर विसंबू नका.

चिखलदऱ्याचा मोह सगळ्यांना होतो, तासाभराचा घाट आहे. जा, पण सुट्टीच्या दिवशी आणि सगळे मिळून जा. आमच्यातले दोघे कामाच्या दिवशी न सांगता गेले. धुक्यामुळे उतरायला रात्र झाली, फोन लागेना, आणि ज्या घरात त्यांची वाट पाहत माणसं जागी होती तिथे दुसऱ्या दिवशी आमच्याशी कुणी नीट बोललं नाही. इथे दिलेली वेळ लोक पाळतात. उलट तिथल्याच गाविलगड किल्ल्याच्या तटावर आम्ही सगळे एका रविवारी एकत्र गेलो, तेव्हा लॉजवरची बरीच कटुता आपोआप निवळली.

शेवटी बहिरमबद्दल. परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरमची जत्रा साधारण २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. रोडगे, वांग्याची भाजी, हंडीतलं मटण. पाहुण्यारावळ्यांसह गावंच्या गावं तिकडे लोटतात. रविवारी गाडी मिळत नाही, घरी माणूस मिळत नाही. तुम्हीही जा, कुणाच्या तरी राहुटीत पंगतीला बसा. मात्र मुलाखतीचं काम १५ डिसेंबरच्या आत संपेल असं आखा; ते जमणार नसेल तर फेब्रुवारीत जा, तेव्हा वेचणीही बहुतेक आटोपलेली असते.