कन्येच्या शिक्षणाची तीन अंगे

गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीर, वाङ्मय व मानस असे तपाचे तीन भेद सांगितले आहेत. तप म्हणजे देहाला कष्टविणे, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक शुचिता, ऋजुता, सत्य व हितकर भाषण, स्वाध्याय, मनाची प्रसन्नता आणि भावशुद्धी यांचा त्यात अंतर्भाव होतो. पूर्ण शिक्षण यालाच म्हणावे. यांपैकी एक अंग उणे राहिले तर बुद्धी वाढेल, पण माणूस अपुरा राहील.

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, मैलापूर भागात १८८६ साली जन्मलेल्या भगिनी सुब्बलक्ष्मी यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि थोड्याच काळात वैधव्य आले. मातापित्यांनी रूढीपुढे मान न तुकविता कन्येला शिकविले. १९११ साली त्या पदवीधर झाल्या. मद्रास इलाख्यात पदवी मिळविणारी ही पहिली हिंदू स्त्री होय. पुढच्याच वर्षी चार बालविधवांना घेऊन त्यांनी कार्यास आरंभ केला. महाराष्ट्रात अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली पुण्यास आरंभिलेले कार्य याच जातीचे होते.

अशा मुलीला प्रथम काय द्यावयाचे? अन्नवस्त्राने देह जगेल. परंतु जिला स्वतःच्या घरातच अशुभ ठरविले, तिच्या मनाचे काय? सुब्बलक्ष्मींनी आश्रयाला विद्येची जोड दिली. १९२२ साली निघालेल्या लेडी विलिंग्डन अध्यापिका विद्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या. तेथे त्यांनी शारीरिक शिक्षणाला व व्यवसायशिक्षणालाही स्थान दिले. १९२७ साली त्यांच्या पुढाकाराने शारदा विद्यालय हे मुलींचे निवासी विद्यालय उघडले. १९३८ साली ते रामकृष्ण मिशनकडे सोपविण्यात आले. ज्यांचे शिक्षण मध्येच तुटले होते अशा प्रौढ स्त्रियांसाठी १९४२ साली मैलापुरातच श्रीविद्या कलानिलयम् ही शाळा निघाली.

यातील मर्म असे, की दया करून थांबणे पुरेसे नाही. आश्रित मुलगी शिक्षिका होऊन दुसऱ्या मुलीला शिकवू लागली, म्हणजे घेणारा हात देणारा होतो. तेव्हाच तिचे मन खऱ्या अर्थाने उभे राहते.

आज घरोघरी मुली शाळेत जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु शाळा व शिकवणी यांतच सारा दिवस संपत असेल, तर गृहस्थाश्रमी वाचकांनी थोडे थांबून पाहावे. आज कन्येच्या शरीराला मोकळी हालचाल मिळाली काय? आपले मत ती निर्भयपणे व सौम्यपणे मांडू शकली काय? निजताना तिचे मन प्रसन्न होते काय? घरातील एखादे काम तिने आणि तिच्या भावानेही आपले मानून केले काय? गुणपत्रिकेत हे रकाने नसतात. ते आईबापांनी घरीच भरावयाचे असतात, आणि तेही उपदेशाने नव्हे, स्वतःच्या आचरणाने.