दादांविषयी लिहिताना

उमरगा

चि. बाळास,

तुझ्या आजोबांच्या, म्हणजे दादांच्या वर्षश्राद्धाला पुस्तिका काढतोयस, फार बरं वाटलं. मसुदा वाचला. बहुतेक पानं जमालपूरच्या लढाईनंच भरलीत.

१ मराठा, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर १९७१ मध्ये तिथं लढली आणि ११ तारखेला पाकिस्तानी फौज शरण आली. कर्नल ब्रार यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर उत्तरासोबत बंदुकीची गोळी आली, हेही सगळीकडे छापून आलंय. दादा त्या पलटणीत होते, एवढं एका परिच्छेदात सांग. ते स्वतः याहून जास्त कधी बोलले नाहीत. मग त्यांच्या तोंडी सिनेमातले संवाद कशाला? शौर्याचं पान हवंच असेल तर आपल्या नळदुर्गचं दे. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या कारवाईत तिथं हवालदार बचित्तरसिंग पडले, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपल्या पोरांना हे नाव माहीत नसतं.

खरं लिहायचं ते हयातीच्या दाखल्यांचं. नोव्हेंबर लागला की ओट्यावर आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांच्या विधवा येऊन बसायच्या. पलटणीच्या कागदावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर तिसरंच. तेवढ्यावर पेन्शन अडायची. दादा चष्मा पुसून डिस्चार्ज बुकातलं नाव अक्षर न् अक्षर जुळवायचे, प्रतिज्ञापत्राचा मजकूर सांगायचे, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचे. गरज पडली तर एसटीनं धाराशिवच्या सैनिक कल्याण कार्यालयातही घेऊन जायचे. चहा मात्र आजीनं करायचा. ते पलटणीत असताना शेत, म्हातारी माणसं आणि आम्हा पोरांना तिनंच सांभाळलं. ती समोर बसलेली असताना तू मला फोन करून माहिती विचारतोस!

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तू एका वाक्यात उरकलीस. किल्लारीच्या त्या भूकंपात आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही गेलं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखाली झोपेतच माणसं दबली. दादा तिथं पोचल्यावर आधी कुणाच्या घरात किती माणसं झोपली होती, ते शेजाऱ्यांना विचारून पोराच्या पाटीवर खडूनं लिहीत गेले. आवाज आला की टिकाव बाजूला ठेवायला लावून हातानं माती काढायला सांगायचे. हे सविस्तर लिही.

आणि त्यांचा तापटपणा गाळू नकोस. तुझे बाबा भरतीला गेले नाहीत म्हणून वर्षभर अबोला धरला होता त्यांनी. बाबांना विचारून घाल म्हणजे झालं.

त्या बायकांची नावं छापायची तर प्रत्येकीला आधी विचार. पेन्शनचा आकडा मात्र छापूच नकोस, घरोघरी भांडणं लागतील.

तुझी आत्या