भिंतीवरची बाग : कोरफड, पानफुटी आणि चिनी गुलाब

दृष्ट लागू नये म्हणून घराच्या चौकटीवर कोरफडीचा गड्डा उलटा टांगण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ घरी आढळते. त्या गड्ड्याला मातीचा कण मिळत नाही, कोणी पाणी घालीत नाही, तरी तो कित्येक महिने हिरवा राहतो. दृष्टीचा भाग सोडून दिला तरी शिक्षकाच्या उपयोगाचे एवढे उरतेच की, पानात पाणी साठविणारी ही झाडे उभ्या भिंतीवर, अल्प मातीत व अल्प पाण्यात जगू शकतात. आपल्या तालुक्यातील ज्या शाळांचे अंगण दोन खोल्यांमधल्या बोळाएवढेच आहे, त्यांना ह्या गुणाचा विचार करण्यासारखा आहे.

शाळेत झाडे लावली जात नाहीत असे नाही. श्रावणात रोपे लागतात, मुले कौतुकाने पाणी घालतात. पुढे मे महिन्यात शाळा बंद होते, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनच्या उत्तरार्धात शाळा उघडते तेव्हा कुंड्यांतून काटक्या उभ्या असतात. आपण लावलेले झाड मरतेच, अशी समजूत चौथीपर्यंत मुलाच्या मनात तीन-चार वेळा पक्की होते. पर्यावरणाच्या पाठातील चार चांगली वाक्ये ती समजूत पुसू शकत नाहीत. सुट्टी पार करून जिवंत राहिलेले एक झाड मात्र पुसू शकते.

बागेचा सांगाडा बांबूचा करावा. आपल्या भागात तो सहज मिळतो. चांगला जून बांबू तोडून काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला व सावलीत वाळविला, म्हणजे त्याला भुंगा लवकर लागत नाही. दोन उभे वासे, सुमारे पाच फुटांचे, व त्यांना आडवे बांधलेले अडीच-अडीच फुटांचे चार तुकडे एवढ्यावर काम भागते. प्रत्येक आडव्या तुकड्याच्या वरच्या अंगाला, गाठी सोडून, पेराची फाक काढावी. म्हणजे प्रत्येक पेर ही एक लहान कुंडी होते. खालच्या अंगाला दर पेरास दोन छिद्रे पाडावीत. तापविलेल्या सळईने ती चांगली पडतात, परंतु हे काम शिक्षकाने स्वतः करावे. सांगाडा भिंतीला चिकटवू नये. मध्ये चार बोटे अंतर ठेवावे, म्हणजे भिंतीला ओल धरत नाही. तो कायमचा ठोकून न टाकता आकड्यांवर अडकवावा. ह्याचे कारण पुढे येईल.

मातीच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. धानाच्या बांधीतील कन्हार माती ह्या कामी मुळीच घेऊ नये. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगडासारखी होते. एक भाग साधी माती, दोन भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा आणि मूठभर कुजलेला पालापाचोळा असे मिश्रण करावे. ते ओले करून मुठीत दाबले व मूठ उघडली असता गोळा फुटला पाहिजे.

रोपे विकत घेण्याचे कारण नाही. चिनी गुलाबाच्या कांड्या, कोरफडीची पिले, पानफुटीची पाने व पानओव्याची फांदी मुलांनी आपल्या किंवा शेजारच्या घरून आणावी आणि घरची वडीलधारी माणसे त्या झाडाला काय म्हणतात तेही विचारून यावे. झाडीबोलीतले नाव व पुस्तकातले नाव फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले असता भाषेचाही पाठ होतो. आणलेली कांडी त्याच दिवशी लावण्याची घाई करू नये. कापलेला भाग सावलीत दोन-तीन दिवस सुकून त्यावर खपली धरली म्हणजे लावावी. ओली जखम मातीत गेली तर कुजते.

वरच्या ओळीत चिनी गुलाब लावावा, कारण तेथे ऊन अधिक व माती लवकर सुकते. दुसरीत कोरफडीची लहान पिले, तिसरीत पानफुटी व तळाशी पानओवा लावावा. पाणी फक्त वरच्या दोन ओळींना घालावे. ते झिरपत खाली येते व पाण्याची अधिक गरज असलेल्या पानओव्याला आपोआप पोचते. हे मुलांना आधी सांगू नये. कोणत्या ओळीची माती सर्वांत शेवटी सुकते, हे त्यांनी बोट घालून शोधावे.

शेर व फड्या निवडुंग ही दोन झाडे मात्र शाळेत आणू नयेत. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते आणि निवडुंगाची बारीक कुसळे बोटांतून निघता निघत नाहीत. पानफुटीचे पान मुतखड्यावर म्हणून काही घरी चघळले जाते. मुलांना ते चाखू देऊ नये, आणि शेळ्या-गुरांनाही ते विषारी असल्याने सांगाडा त्यांच्या तोंडापासून दूर असावा.

ह्याच पानफुटीच्या चवीवरून विज्ञानातील एक मोठा शोध सुरू झाला. भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने ह्यांनी १८१३ साली लंडनला लिहिलेल्या पत्रात असे कळविले की, हे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते व संध्याकाळी कडवट लागते. कारण पुढे उलगडले. बहुतेक झाडे पानांवरील सूक्ष्म रंध्रे दिवसा उघडतात आणि त्या वाटेने पाणी गमावतात. पानफुटी, कोरफड ह्यांसारखी झाडे रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड वायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन त्याच साठ्यातून अन्न तयार करतात. म्हणून सकाळी आंबटपणा असतो व संध्याकाळपर्यंत तो सरतो.

चव न घेता हे पाहता येते. खाण्याच्या चुन्यात पाणी घालून रात्रभर ठेवावे व वरची निवळी शिक्षकाने आपल्या हाती ठेवावी, कारण तीही डोळ्यांस अपायकारक आहे. फेब्रुवारीत, रात्री थंड असताना, उजाडताच तोडलेले एक पान थोड्या पाण्यात वाटून फडक्याने गाळावे. त्यात चिमूटभर हळद टाकून निवळी थेंब थेंब घालावी व रस तांबूस होईपर्यंत थेंब मोजावेत. त्याच दिवशी पाच वाजता तेवढेच पान व तेवढेच पाणी घेऊन पुन्हा मोजावे. सकाळी अधिक थेंब लागतात. गावी मुक्कामास नसलेल्या शिक्षकांना हा प्रयोग जमणे कठीण, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

आता आकड्यांविषयी. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. ही बाग उन्हापेक्षा पावसानेच अधिक मरते. म्हणून ती दिवाळीनंतर लावावी. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी व उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी पुरते. शाळा बंद होताना सांगाडा आकड्यांवरून काढून उत्तरेच्या सावलीत ठेवावा व आठवड्याला एक तांब्या पाण्याची जबाबदारी जवळच्या दोन मुलांकडे द्यावी. पहिला पाऊस येण्यापूर्वी तो वऱ्हांड्यात, पागोळ्यांच्या आत, पण उजेड पोचेल असा टांगावा. इतके करूनही एखाद्या कोरफडीचा बुंधा मऊ पडला, तर ती उपटून सडका भाग कापून टाकावा आणि उरलेला गड्डा आठवडाभर चौकटीवर उलटा टांगून मग नव्या रेतीत लावावा.