रोजचे सदुसष्ट वार

मोठे कार्य आपल्या हातून होणार नाही, मग लहानसे करून काय उपयोग, असे म्हणून पुष्कळ माणसे स्वस्थ बसतात. हा विचार नम्रतेचा भासतो. वस्तुतः तो आळसाचा असतो. याविषयी आपल्या बेळगावातच घडलेली एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

१९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले ते याच एका अधिवेशनात. सभासदाने वर्गणी पैशाऐवजी सुताने द्यावी, दरमहा २००० वार, असे तेथे ठरले. म्हणजे रोजचे सुमारे ६७ वार! सरावलेल्या हाताला हे अर्ध्या तासाहून अधिक वेळाचे काम नव्हे. वर्षाचे २४,००० वार वीस नंबरी सूत वजनाला दीड पौंडही भरत नाही. एवढ्याने काय होणार, असे कोणीही म्हणेल. परंतु स्वस्थ बसणाऱ्याजवळ वर्षाअखेर तेवढेही नसते. आणि कातणाऱ्याजवळ सुताखेरीज आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे नेम.

त्या ठरावात एक सवलत होती. ज्याला कातणे जमत नसेल वा कातण्याची इच्छा नसेल, त्याने दुसऱ्याने कातलेले सूत द्यावे. पुढे १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्यास चार आण्यांचा पर्यायही मान्य झाला. नियम असा सैल झाला; परंतु स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे यांनी खादीचे व्रत सोडले नाही. त्यांच्या हुदली गावी हे कार्य रुजले आणि १९३७ साली गांधी सेवा संघाचे संमेलन तेथेच भरले. यातील मर्म एवढेच की, सूत विकत मिळते, नेम विकत मिळत नाही.

या मार्गावर केलेला आरंभ वाया जात नाही, असे आश्वासन भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात दिले आहे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९०००. रोज दहा वाचल्या तर अडीच वर्षांत ग्रंथ पूर्ण होतो. निवृत्तीनंतर सवडीने वाचू म्हणणाऱ्याचा ग्रंथ बहुधा फडक्यातच राहतो. निपाणीच्या पेठेतील व्यापारी असो वा शेतात राबणारी माउली, दहा ओव्यांपुरता वेळ प्रत्येकाजवळ आहे. एखादा दिवस चुकला, तर खंत करीत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. मात्र आपला वाटा दुसऱ्याकडून करवून घेऊ नये.